ओंब्यांचा ताज : सदोझाई घराण्याची कहाणी

अब्दालीचे नाव महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण पानिपतच्या आधी हा माणूस कोण होता आणि त्याच्या पश्चात त्याच्या मुला-नातवंडांचे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. मराठी गोष्टीत तो लुटारू म्हणून येतो आणि निघून जातो. आपल्याकडच्या काही तकरीरींमध्ये तो गाझी बनून येतो आणि तसाच निघून जातो. उर्दू शाळेत इतिहास शिकवताना माझी पंचाईत नेमकी इथे होते. मुले विचारतात, "सर, अब्दाली आपला होता ना?" हो की नाही ते सांगण्याआधी ते घराणे नीट पाहिले पाहिजे.

जून १७४७ मध्ये इराणचा बादशहा नादिरशहा खुरासानात आपल्याच छावणीत मारला गेला. त्याच्या फौजेतील अब्दाली पठाणांच्या पथकाचा सरदार अहमद खान तेव्हा जेमतेम पंचविशीचा होता. तो आपले स्वार घेऊन कंदाहारला आला. तेथे शेर सुर्ख या दर्ग्यात सरदारांची जिरगा बसली. राजा कोण, यावर बरीच वादावादी झाली. बारकझाई कबिल्याचा हाजी जमाल खान सर्वांत बलाढ्य होता, पण तो मागे सरला. साबिर शाह नावाच्या दरवेशाने अहमद खानाच्या पगडीत धान्याच्या ओंब्या खोवल्या आणि तोच ताज ठरला, असे परंपरा सांगते. त्याने 'दुर्र-ए-दुर्रान' हा किताब घेतला आणि अब्दालींचे दुर्रानी झाले.

या निवडीमागचे गणित समजण्यासारखे आहे. सदोझाई ही पोपलझाईंची लहानशी शाखा होती. तिला मान होता, पण माणूसबळ बेताचे. डोईजड झाला तर खाली ओढता येईल असा राजा सरदारांना हवा होता. अहमदशहानेही ते ओळखले. त्याने सरदारांना सल्लागार केले, मोठी पदे त्यांच्यात वाटून टाकली आणि कंदाहारच्या दुर्रानी जमिनींवर साऱ्याचे ओझे टाकले नाही. मग दौलत चालणार कशावर? पंजाब, काश्मीर, सिंध आणि दिल्लीवर! स्वाऱ्या हाच त्या राज्याचा महसूल होता. जिहादचा पुकारा झाला तरी घोड्याचा चारा आणि स्वाराचा पगार त्यातूनच निघत होता.

१७५७ साली त्याने दिल्ली लुटली आणि मथुरा-वृंदावनात त्याच्या फौजेने कत्तल केली. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा मुसलमान बादशहाच बसला होता. ज्यांचे हंडे-भांडे निघाले त्यांत कलमा पढणारी घरेही होती. मुलांना मी आधी हे सांगतो. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतात भाऊसाहेबांच्या तोफा आणि कवायती पायदळ इब्राहिम खान गारदी सांभाळत होता. तो शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. त्याला कोणत्या खान्यात बसवायचे?

पानिपत जिंकून अब्दालीच्या हाती फारसे काही उरले नाही. तो परत फिरला आणि १७६५ मध्ये लाहोर शिखांनी घेतले. १७७२ मध्ये तो वारला. कंदाहारला त्याची कबर आहे. पश्तोत शेर लिहिणारा हा राजा होता, हेही नोंदवले पाहिजे.

मुलगा तैमूरशहा याने दुर्रानी सरदारांच्या जाचाला कंटाळून राजधानी काबूलला हलवली आणि आपल्या रक्षणाला किझिलबाश स्वार ठेवले. १७९३ मध्ये तो गेला तेव्हा मागे वीसहून अधिक मुलगे होते आणि वारस ठरलेला नव्हता. खरी कहाणी इथून सुरू होते.

गादीवर आला झमानशहा. टिपू सुलतानने त्याच्याकडे वकील पाठवले होते. तो लाहोरपर्यंत आला की कलकत्त्याच्या इंग्रजांची झोप उडत असे. पण १७९९ मध्ये त्याने घरातच घाव घातला. ज्या हाजी जमालने मागे सरून सदोझाईंना राज्य दिले होते, त्याचा मुलगा पाइंदा खान याला झमानशहाने कटाच्या आरोपावरून ठार केले. पाइंदा खानाचा मुलगा फतेह खान निसटला आणि झमानच्या सावत्र भावाला, महमूदला, जाऊन मिळाला. १८०१ मध्ये महमूदने झमानचे डोळे काढले. पुढे १८१८ मध्ये महमूदचा मुलगा कामरान याने त्याच फतेह खानाला आंधळे केले आणि मग त्याची खांडोळी करविली. आता बारकझाई भावांनी बंड केले. सदोझाईंकडे हेरात तेवढे उरले आणि काबूल अखेर फतेह खानाच्या धाकट्या भावाकडे, दोस्त मोहम्मदकडे, गेले.

मधल्या काळात, १८०३ ते १८०९, झमानचा सख्खा भाऊ शुजा गादीवर होता. १८०९ मध्ये पेशावरला त्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील आला, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुण्याचा रेसिडेंट म्हणून पेशवाईचा शेवट पाहणारा आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर झालेला तोच हा एल्फिन्स्टन. पठाणांवरचा त्याचा जाडजूड ग्रंथ १८१५ मध्ये निघाला. पण करार होतो न होतो तोच शुजाची गादी गेली. १८१३ मध्ये लाहोरला रणजितसिंहाने त्याच्याकडून कोहिनूर काढून घेतला. मग लुधियान्यात कंपनीच्या पेन्शनीवर तो दिवस कंठू लागला. आंधळा झमानही तिथेच होता. आजोबांच्या नावाने ज्या पंजाबच्या गावांना कापरे भरत असे, तिथेच हे नातू परक्याच्या तुकड्यावर जगत होते.

१८३९ मध्ये इंग्रजांनी शुजाला फौजेनिशी काबूलच्या तख्तावर नेऊन बसवले. या फौजेत बंगालच्या बरोबरीने मुंबईची पलटणही होती. लोकांनी त्याला इंग्रजांचा राजा म्हणूनच पाहिले. एप्रिल १८४२ मध्ये काबूलजवळ तो मारला गेला. त्याच वर्षी हेरातला कामरानलाही त्याच्या वजिराने संपवले. हाजी जमालच्या वंशजांनी मात्र पुढे १९७८ पर्यंत, अधूनमधून उखडले जात का होईना, राज्य केले.

त्या युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ मुंबईत कुलाब्याला चर्च उभे राहिले. १८५८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. लोक त्याला अजून अफगाण चर्चच म्हणतात. आत भिंतींवर गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे आहेत. ज्याच्या गादीसाठी ते गेले त्या शुजाचे नाव मुंबईत कोणाला विचारून पाहा.