रानपिंगळ्याचे कूळ आणि गाव

1760 साली उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर पेशव्यांच्या अमलाखाली आले. त्या सुमारास व पुढे आपल्यापैकी अनेकांची घराणी तापीकाठी स्थिरावली. कूळ सांगण्यास आपल्याला गोत्र पुरते. परंतु पूर्वज कोणत्या गावाहून व केव्हा आले, हे सांगण्यास कागदच लागतो. आणि तो कागदच खोटा निघाला तर? याच तापीखोऱ्यातील एका पक्ष्याच्या इतिहासात हा प्रश्न उभा राहिला होता.

रानपिंगळ्याचे पहिले वर्णन ॲलन ह्यूम यांनी 1873 मध्ये केले. पुढे 1880 च्या दशकाच्या आरंभी जेम्स डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशात त्याचे काही नमुने मिळविले. 1884 नंतरची एकच नोंद उरली होती : कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी 1914 मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळविल्याचे सांगितलेला नमुना. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी त्याची शिवण, आतील कापूस व क्ष-किरण चित्रे तपासली. तो डेव्हिडसन यांचाच नमुना असून चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली असल्याचे त्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केले. तत्पूर्वीच, मांडवीची नोंद बाजूस ठेवून खऱ्या ठिकाणांचा शोध घेतला असता, 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. तब्बल 113 वर्षांनी!

आज संग्रहालयातील नमुन्यांकडे डीएनएसाठीही पाहिले जाते. टाचणीवरील भुंगेऱ्याच्या एका पायातून किंवा पक्ष्याच्या तळपायाच्या कातड्यातून तो मिळतो. काळाने त्याचे बारीक तुकडे झालेले असतात. ते जुळवून जातीजातींची वंशावळ मांडता येते. रानपिंगळ्याला ह्यूम यांनी स्वतंत्र प्रजाती दिली होती. तो वाद शतकाहून अधिक चालला. डीएनएच्या आधारे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो आपल्या नेहमीच्या पिंगळ्याच्याच प्रजातीत मोडतो, असे दाखविले.

मात्र डीएनए मुख्यतः कूळ सांगतो. नमुना कोणत्या रानातून, कोणत्या वर्षी आला, हे सांगण्याचे काम चिठ्ठीचेच. ती खोटी असली, तर कोणते रान राखावयाचे हेच चुकते. आपल्या जिल्ह्यातील सातपुड्याच्या जंगलातही रानपिंगळ्याची नोंद झाली आहे, आणि सागवानी जंगलाची तोड हेच त्याच्यावरील मोठे संकट आहे. म्हणून हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही.

आपल्या घरांतील पेट्यांतही सनदा, पत्रे, जुनी छायाचित्रे आहेत. त्यांवर जे ठाऊक आहे तेवढेच, कोणी सांगितले त्याच्या नावासह, आपण आजच लिहून ठेवावे. रक्ताची साक्ष पुढील पिढ्यांना मिळेलच. गावाची साक्ष मात्र आपणच द्यावयाची आहे.