बुधवारची पैज

आमच्या नेरे गावात बुधवारी भाकऱ्या लवकर थापल्या जायच्या. मी सांगतोय ते १९७५ सालचं, मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. हिंजवडी हे शेजारचं गाव होतं, आमच्यासारखंच भाताचं आणि उसाचं. आमचे थोरले चुलते, आबा, सायकल मारत पिंपरीच्या कारखान्यात कामाला जायचे. पगारातून पैसे साठवून त्यांनी ट्रान्झिस्टर आणला होता. त्याचे सेल आम्ही पोरं दिवसभर पत्र्यावर उन्हात तापवत ठेवायचो, म्हणजे रात्री आठ ते नऊ तेवढी तग धरत. आठ वाजता ओट्यावर दहा-बारा गडी जमत. बायका आत चुलीपाशी, पण कान बाहेर. शॉर्टवेव्हवरचा आवाज लाटेसारखा येई आणि मागे जाई. त्या लाटेवरून निवेदक अमीन सयानी श्रोत्यांना हाक मारत. आधी बहिणींना, मग भावांना. चुलतीला त्या क्रमाचं फार अप्रूप होतं.

तो कार्यक्रम म्हणजे बिनाका गीतमाला. त्याचा जन्मच एका नकारातून झाला. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी मग काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन धरलं. मुंबईत ध्वनिमुद्रण व्हायचं, फिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून गाणी पुन्हा आपल्याच ओट्यावर यायची. ३ डिसेंबर १९५२, बुधवारी गीतमाला सुरू झाली. विविध भारती यायला पुढे १९५७ साल उजाडलं.

गीतमालेची सुरुवातच मुळी एका कोड्याने झाली होती. सात गाणी उलटसुलट क्रमाने वाजवायची आणि बरोबर क्रम लावून पाठवणाऱ्यांना शंभर रुपयांचं बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. वर्षभरात ती आठवड्याला पासष्ट हजारांवर गेली. एवढी पत्रं कोण निवडणार? म्हणून कोडं बंद झालं आणि त्याच्या जागी क्रमवारी आली. रेकॉर्डची विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची पसंती यांवरून पायदानं ठरू लागली. सोळाव्या पायदानापासून चढत चढत पहिल्यापर्यंत. बक्षीस गेलं, पण क्रम ओळखण्याची खोड श्रोत्यांच्या अंगात राहिली. कुठलं गाणं पहिलं येणार यावरची आमच्या ओट्यावरची पैज हा त्या कोड्याचाच फुटवा होता, असं मला आता वाटतं.

पैजेत पैसा नसे. हरला तो चहा पाजणार, शेंगा भाजून आणणार किंवा एक दिवस दुसऱ्याच्या बांधाचं गवत कापणार. कोण कशावर बोलला ते मी शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचो. पैज जिंकायची तर स्वतःची आवड बाजूला ठेवावी लागे. मला काय आवडतं हा प्रश्नच नव्हता, लोकांना काय आवडेल हे ओळखायचं होतं. त्यासाठी गडी कान देऊन हिंडायचे. पिंपरीच्या हॉटेलात कुठलं गाणं लागतं, पोरं काय गुणगुणतात, लग्नातला बँड काय वाजवतो, सगळं टिपून ठेवायचे.

वर्षअखेरचा कार्यक्रम मोठा. वर्षभरातलं अव्वल गाणं त्यात कळायचं. १९७५ला आबांनी ‘ज्युली’ सिनेमातल्या गाण्यावर पैज लावली. एवढ्यात आतून चुलतीचा आवाज आला, “अहो, ‘रोटी कपडा और मकान’मधल्या महागाईच्या गाण्यावर माझी पैज.”

ओटा हसला. आबा म्हणाले, “काय लावतेस?”

“हरले तर महिनाभर तुमची सायकल पुसेन. जिंकले तर एक दिवस विहिरीवरनं पाणी तुम्ही आणायचं.”

ती सिनेमाला कधी गेली नव्हती. पण बहात्तरचा दुष्काळ तिने काढला होता. गोड्या तेलाचा भाव आणि रेशनच्या साखरेची रांग तिला पाठ होती. जे आपल्या चुलीपाशी बोललं जातं, तेच देशभरच्या चुलींपाशी बोललं जात असणार, एवढाच तिचा हिशेब. त्या वर्षी पहिलं आलं ते महागाईचंच गाणं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबा खांद्यावर हंडा घेऊन विहिरीवर गेले. सगळ्या आळीने पाहिलं. चार खेपा झाल्या आणि संध्याकाळी त्यांनी खांद्याला तेल लावून घेतलं. त्यानंतर चुलतीच्या डोक्यावरचा दुसरा हंडा ते मुकाट्याने स्वतः उचलत, पैज नसतानाही.

त्याच काळात गावोगाव दुसरी पैज पोचली होती, मटक्याची. तिचंही मूळ खऱ्या वस्तूत होतं. न्यूयॉर्कच्या बाजारातून तारेने मुंबईला कापसाचे भाव यायचे आणि लोक त्या भावांच्या आकड्यांवर पैसे लावायचे. १९६१च्या सुमारास ते भाव बंद झाले. मग कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी चिठ्ठ्या आणि पत्ते काढून आकडा ठरवायला सुरुवात केली. कापूस गेला, नुसता आकडा उरला. गिरणगावातून ते लोण खेड्यांपर्यंत आलं. आमच्या भावकीतल्या एकाची दुभती म्हैस मटक्याच्या ओपन-क्लोजमध्ये दावणीवरून गेली. त्याची पोरं काळा चहा पिताना मी पाहिली आहेत.

आता नेऱ्यापर्यंत इमारती आल्या आहेत. माझा पुतण्या हिंजवडीच्या आयटी पार्कात काम करतो. त्याने परवा सांगितलं, अमेरिकेत काल्शी आणि पॉलीमार्केट या पैजांच्या ऑनलाइन बाजारांवर स्पॉटिफायच्या यादीत कुठलं गाणं वर येईल यावर लोक डॉलर लावतात. आपल्याकडे २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी आली आहे. मला ती योग्य वाटते. खोटे श्रोते आज यंत्राने तयार करता येतात आणि गाणं न ऐकताही त्याच्या आकड्यावर पैसे लावता येतात. कापसाचं झालं तेच गाण्याचं होईल, ही माझी भीती आहे.

अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ला गेले. त्या रात्री मी पुतण्याला चुलतीच्या पैजेची गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, “मग जिंकून तिला मिळालं काय?”

मी म्हटलं, “तिच्या डोक्यावरचा दुसरा हंडा कायमचा उतरला.”