शेंडेनक्षत्राची वाट

धूमकेतूचे मराठीतले घरगुती नाव शेंडेनक्षत्र. नावातच शेंडी आल्यामुळे बघणाऱ्याची नजर तिथेच खिळते. हे पुस्तक मात्र पावलांकडे बघते: हा पाहुणा आला कुठून, वळला कसा, आणि परत येणार का?

विषय देगलूरला परका नाही. 1949 साली आपला तालुका हैदराबाद राज्यात होता. त्याच वर्षी हैदराबादेत वाढलेल्या वेणू बाप्पू यांना, हार्वर्डमध्ये शिकत असताना, छायाचित्राच्या काचेवर एक नवा धूमकेतू सापडला. वडील निजामिया वेधशाळेत नोकरीला. मुलाचे आकाशाचे वेड तिथलेच. बाप्पू–बॉक–न्यूकर्क धूमकेतू असे त्याचे नाव पडले. आपल्या राजधानीतल्या मुलाचा अभिमान वाटला, तर बिघडले कुठे?

वाचकांनी पहिल्या प्रकरणाआधी एक करावे. पुठ्ठ्यावर 29 सेंटिमीटर अंतराने दोन टाचण्या टोचाव्यात, 30 सेंटिमीटर दोऱ्याची टोके त्यांना बांधावीत आणि दोरा ताणून धरत पेन्सिल फिरवावी. काकडीसारखी लांबट आकृती उमटेल. हीच हॅलेच्या धूमकेतूची कक्षा. एका टाचणीवर सूर्य. दुसरीवर काहीच नाही. जवळचे टोक सूर्यापासून जेमतेम अर्धा सेंटिमीटर, पृथ्वी एका सेंटिमीटरच्याही आत, आणि दूरचे टोक नेपच्यूनच्या पलीकडे.

आता पंचमीचा झोका आठवा. वर टोकाला तो क्षणभर रेंगाळतो, खाली मात्र सुसाट येतो. हॅले सूर्याजवळून सेकंदाला सुमारे 54 किलोमीटर वेगाने जातो. दूरच्या टोकाला त्याला एक किलोमीटरही जमत नाही. म्हणून त्याचे बहुतेक आयुष्य अंधारातच सरते. शेपटीने मात्र फसू नका. ती मागे लोंबत नाही, सूर्याच्या विरुद्ध दिशेला राहते; परतताना शेपूट पुढे आणि धूमकेतू मागे.

वाटेत गुरू आणि शनी ओढाताण करतात, त्यामुळे फेरीची वर्षे थोडी कमीजास्त होतात. ती ओढ हिशेबात धरून गणितज्ञ क्लेरो यांनी हॅलेच्या 1759 च्या आगमनाचे भाकीत केले आणि ते महिनाभराने चुकले. इतक्या लांबच्या प्रवासात महिनाभर! मला ही चूक फार आवडते.

गणिताची पाने पहिल्या वाचनात उलटून गेलात तरी चालेल. पुठ्ठा मात्र जवळ ठेवा. काकडीच्या दूरच्या टोकावर बोट ठेवा: डिसेंबर 2023 मध्ये हॅले तिथून परत फिरला आहे. जुलै 2061 मध्ये तो सूर्याजवळ पोचेल, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसाळ्यात. ढगांचे गणित या पुस्तकात नाही.