दोन इंचांची गादी

प्रदर्शनाला माल घेऊन जाताना आम्ही बचत गटाच्या बायका रात्रीच्या गाडीत स्लीपरचं तिकीट काढतो. मसाल्याच्या पिशव्या बाकाखाली सरकवायच्या आणि अंग टाकायचं. त्या बाकावर गादी असते याचं आम्हाला काही नवल वाटत नाही. पण साध्या तिकिटाच्या माणसाला ती मिळायला सव्वाशे वर्षं लागली.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, ओढायला तीन इंजिनं. तो मानकऱ्यांचा प्रवास होता. रयतेसाठी होता तिसरा वर्ग.

हा तिसरा वर्ग कसा होता, ते गांधीजींनी १९१७ साली एका पुस्तिकेत लिहून ठेवलंय. मुंबईहून मद्रासला जाताना त्यांनी १३ रुपये ९ आणे भरले. डबा बावीस जणांचा, तोही फक्त बसण्यापुरता. दोन रात्रींचा प्रवास, आणि आडवं व्हायची सोय नाही. संडास तर सांगायलाच नको. पहिल्या वर्गाचं भाडं पाचपटीहून जास्त होतं. मग पहिल्या वर्गाच्या सुखाचा पाचवा हिस्सा तरी आम्हाला मिळतो का, असा त्यांचा हिशेब होता. गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हा प्रश्न लगेच कळेल. पहिल्या वर्गाचे चोचले तिसऱ्या वर्गाच्या पैशावर चालतात, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं.

स्वातंत्र्यानंतर रेल्वे आपली झाली. १९५५ पासून पेरांबूरच्या कारखान्यात आपले डबे तयार होऊ लागले. १९७४ मध्ये तिसरा वर्ग बंद झाला, म्हणजे त्याला दुसरा वर्ग म्हणू लागले. पाटी बदलली, पण झोपायला लाकडी फळीच राहिली. लेकराला कुशीत घेऊन रात्रभर फळीवर पडलेल्या बाईची कंबर सकाळी काय म्हणत असेल?

१९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. मुंबईत पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक, राजापूरचे खासदार, समाजवादी. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई महिला चळवळीतल्या, पुढे त्याही खासदार झाल्या. दंडवत्यांचं म्हणणं साधं होतं. पहिल्या वर्गाला खाली ओढायचं नाही, दुसऱ्याला वर आणायचं. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या फळ्यांवर दोन इंच फोम बसवायला लावला. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. तिच्यात पहिला वर्ग नव्हताच, सगळ्यांना सारखाच डबा. पुढे देशभरच्या स्लीपरमध्ये गादी आली. मोठमोठ्या घोषणा आम्ही पुष्कळ ऐकल्या, पण गरिबाच्या पाठीला थेट लागलेला असा निर्णय क्वचितच सापडतो.

आज त्याच गीतांजलीला एसीचे डबे आहेत. जुन्या पद्धतीचे निळे डबे बांधणं पेरांबूरने २०१८ मध्ये थांबवलं. २०२३ च्या डिसेंबरअखेरीस सुरू झालेल्या अमृत भारत गाडीत मात्र एसी नाही. सुरुवातीच्या गाड्यांना बारा डबे स्लीपरचे आणि आठ जनरलचे होते. जनरल म्हणजे आरक्षण न मिळालेल्यांचा डबा. सणासुदीला त्याच्या दाराशी, संडासाच्या भिंतीला टेकून, पोराला मांडीवर घेतलेली बाई आजही दिसते. तिच्याकडेही तिकीट असतं.