फ्रीजरमधली त्वचा खरं बोलते का?

मलम लावलं की औषध आत किती जातं, हे मोजतात कसं? आजची गोष्ट त्याचीच.

१९७५ साली थॉमस फ्रान्झ यांनी एक संशोधन प्रसिद्ध केलं. काचेच्या छोट्या उपकरणात माणसाच्या त्वचेचा तुकडा बसवायचा. वर औषध, खाली द्रव. द्रवात किती उतरलं ते मोजायचं. १२ रसायनांचे आकडे त्यांनी जिवंत माणसांवरच्या आधीच्या आकड्यांशी ताडून पाहिले. या उपकरणाला आज ‘फ्रान्झ सेल’ म्हणतात.

पण ताजी त्वचा रोज कुठून आणणार? ती मिळते ऑपरेशनमधून, नाहीतर मृतदेहावरून. मग ती फ्रीजरमध्ये साठवू लागले. तर्क सोपा होता: औषधाला अडवतो तो सगळ्यात वरचा थर, आणि तो तर मेलेल्याच पेशींचा. गोठवून त्याचं काय बिघडणार?

गोम खालच्या थरात आहे. तिथल्या पेशी जिवंत असतात आणि त्यांची एन्झाइम्स काही औषधं वाटेतच मोडतात. १९९८ मध्ये वेस्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गोठवल्यावर हा जिवंतपणा जातो. पोषक द्रावणात, नुसत्या थंडाव्यात ठेवली तर त्वचा आठवडाभर तग धरते.

२००४ च्या ओईसीडी मार्गदर्शिका ४२८ मध्ये दोन्ही प्रकारची त्वचा चालते, पण ती अखंड आहे हे तपासावं लागतं. म्हणून असा निकाल वाचताना मी आधी बघतो: त्वचा ताजी की गोठवलेली? कारण आकडा फसवा निघाला तर डोस चुकतो, आणि भोगतो पेशंट.