दिंडीपासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत : आपल्या आया-आज्यांचे चालणे

सोन्या-चांदीच्या गलाईच्या निमित्ताने सांगली-साताऱ्याकडून जॉर्ज टाउनमध्ये आलेल्या आपल्या कुटुंबांच्या आता दोन-तीन पिढ्या येथे झाल्या. पुरुषांच्या कष्टांविषयी आपण नेहमीच बोलतो. मी आज आपल्या घरातील आई, आजी, मावशी यांच्या पायांविषयी लिहिणार आहे.

खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी माळावर ज्या बाईने डोक्यावरून पाणी वाहिले, शेतावर भाकरी पोचवली, आठवड्याच्या बाजाराला पायी ये-जा केली, ती येथे येऊन अरुंद जिन्याच्या वरच्या मजल्यावर राहू लागली. भाजी दारात, दूध दारात. खाली हातगाड्या आणि दुचाकींची गर्दी, त्यात भाषा परकी. चालणे हे तिच्या कामातच होते. काम सुटले तसे चालणेही सुटले. साठी उलटली की गुडघे धरतात, जिना उतरणे नकोसे होते, आणि हळूहळू उंबरठा हीच सीमा होते. हे चित्र मी आपल्या अनेक घरांत पाहतो.

वास्तविक, बायकांनी एकत्र चालणे आपल्याला नवीन नाही. पंढरीची वारी घ्या. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर साठी-सत्तरीच्या माउल्या डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालतात. साताऱ्याकडील आरफळचे हैबतबाबा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माउलींच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त लावली, तीत चालणाऱ्याची सारी काळजी आली. ठरलेली दिंडी, ठरलेले विसावे, ठरलेले मुक्काम, लक्ष ठेवायला चोपदार. एकटीला जे अंतर डोंगराएवढे वाटेल, ते दिंडीत भजन म्हणता म्हणता सरते. आपल्या तमिळ शेजारणीही पौर्णिमेला तिरुवण्णामलैची सुमारे १४ किलोमीटरची गिरिप्रदक्षिणा अशीच सोबतीने करतात.

पाश्चात्त्य जगाला हे शहाणपण वैद्यकाच्या वाटेने आले. १९५३ मध्ये डॉ. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. पुढे १९९५ मध्ये इंग्लंडमधील सॉनिंग कॉमन या गावी डॉ. विल्यम बर्ड यांनी आपल्या रुग्णांसाठी सामूहिक ‘आरोग्य-फेऱ्या’ सुरू केल्या. त्यांतून देशभर चळवळ उभी राहिली. पुढे एक प्रशिक्षित स्वयंसेवक, मागे एक, म्हणजे कोणी मागे पडू नये. आपला चोपदार वेगळे काय करतो?

२०१५ मध्ये सारा हॅन्सन व अँडी जोन्स यांनी अशा चालण्याच्या गटांवरील ४२ अभ्यास एकत्र तपासले. रक्तदाब उतरला, उदासी कमी झाली, आणि गट सोडून जाणारे थोडेच निघाले. २०१९ मध्ये अमेरिकेतील डॉ. आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांची पावले यंत्राने मोजली. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले; ७,५०० च्या पुढे मात्र लाभ फारसा वाढला नाही. दहा हजारांचा आकडा १९६५ च्या एका जपानी पाऊलमापक यंत्राच्या नावातून रूढ झाला, त्याचा धाक नको. अशा पाहणीने कार्यकारण पूर्ण सिद्ध होत नाही हे खरे, पण आपल्या आज्यांना धीर यावा इतके त्यात नक्कीच आहे.

चेन्नई तर चालणाऱ्यांचेच शहर! मरीनाचा फिरण्याचा रस्ता १८८४ मध्ये गव्हर्नर ग्रँट डफ यांनी घडवला. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या, साताऱ्याच्या जेम्स ग्रँट डफ यांचे हे चिरंजीव. नोव्हेंबर २०२३ मध्ये तामिळनाडू सरकारने प्रत्येक जिल्ह्यात ८ किलोमीटरचा आरोग्य-चाल मार्ग आखला. चेन्नईतील मार्ग बेझंटनगरला आहे. परंतु आपल्या आजींना बेझंटनगर दूर आणि ८ किलोमीटर त्याहून दूर! त्यांची फेरी आपल्या गल्लीतूनच निघायला हवी.

म्हणून माझी मंडळाला नम्र सूचना आहे. सकाळी हातगाड्या सुरू होण्याआधी दहा-बारा जणींनी ठरलेल्या ठिकाणी जमावे. तंबू चेट्टी रस्त्यावरील कालिकांबाळ मंदिरापर्यंत जावे. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी येथे दर्शन घेतले अशी परंपरा सांगते. पंधरा मिनिटांपासून आरंभ करून अर्ध्या तासापर्यंत जावे. आठवड्यातून पाच दिवस झाले की जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली १५० मिनिटे भरतात. पायात घट्ट बसणारी चप्पल-बूट असावेत. वेग जिच्या पायाला सर्वांत जड जाते तिचा ठेवावा. हृदयविकार वा असह्य गुडघेदुखी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि एखादी आली नाही तर दुसरीने तिच्या दारात जावे. औषधाच्या दुकानात न मिळणारे औषध ते हेच.

सुनांनी सकाळचा चहा अर्धा तास उशिरा मागावा, मुलांनी जिन्यात दिवा लावावा, एवढीच आपली सेवा. उत्सवात दहा दिवस आपण बाप्पासाठी एकत्र येतो. उरलेले दिवस आपल्या माउल्यांसाठी एकत्र येऊ या.

गणपती बाप्पा मोरया!