नावाच्या शेपटीची गोष्ट

परवा बोरिवलीहून भाच्याचा फोन. "मामा, फराळाच्या साइटला डॉट कॉम मिळत नाहीये. डॉट इन घेतलं तर गूगलमध्ये मागे पडेन का?"

मला हसूच आलं. अरे, ही डॉट इनची शेपटी एकेकाळी आपल्या जुहूतूनच मिळायची! १९८९ साली ती भारताच्या नावे झाली. नोंदणी बघायची जुहूची एनसीएसटी ही सरकारी संस्था. नियम कडक. कंपनी असाल तर को डॉट इन. तुमच्याआमच्यासारख्यांना थेट डॉट इन नाहीच. २००४ पर्यंत जेमतेम ७,००० नावं नोंदली गेली. बाकी सगळे डॉट कॉमच्या रांगेत. 'कॉम म्हणजे खरी साइट' हा समज मला वाटतं तेव्हाचाच. २००५ मध्ये निक्सीने दार सगळ्यांना उघडलं, पण समज राहिला तो राहिलाच.

गूगलला असली प्रतिष्ठा कळत नाही. डॉट इनवरून त्याला एवढंच कळतं, की दुकान भारतासाठी आहे. गिऱ्हाईक बोरिवली-मुलुंडचं असेल तर उत्तमच. न्यू जर्सीच्या मावशीला विकायचं असेल तर डॉट कॉम बरं. बाकी नंबर वर जातो तो आतल्या मजकुरावर.

असो. भाच्याने डॉट इन घेतलंय. आता चकली कुठवर पोचते बघू!